पोटावरचा वाघ

सुकुमारनचं म्हणणं, तो नुसता टेकला होता. पण लोनप्पनच्या पडवीतलं ते पोटाच्या व्यायामाचं यंत्र टणकन ओरडलं, त्याची स्प्रिंग उडून केळ्याच्या वेफर्सच्या बरणीवर आदळली, आणि सुकुमारन पाय वर करून जमिनीवर आला. लोनप्पनची बायको रोसिली धावत बाहेर आली. तिने आधी बरणी उचलली, मग यंत्राकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी सुकुमारनकडे.

"मुद्दाम केलंत ना, चेट्टा?" एरवी 'दादा' म्हणून मायेने यायचं ते 'चेट्टा' आज तिखट आलं.

सुकुमारनने येशूची शपथ घेतली. तो स्वतः अय्यप्पाचा भक्त, पण पडवीत समोर फोटो येशूचाच होता.

संशयाला जागा मात्र होती. सुकुमारन वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवी, पण त्याचा जीव अडकलेला असे ओणमच्या चौथ्या दिवसात. त्या दिवशी त्रिशूरच्या रस्त्यावर माणसं अंगभर रंग लावून वाघ होऊन नाचतात, आणि त्याच्या मंडळाचा पहिला वाघ म्हणजे वेफर्स तळणारा लोनप्पन. बाकीच्यांची पोटं सुटलेली असत. लोनप्पनचं भरल्या घरासारखं नांदतं होतं. त्यावर सुकुमारन वाघाचं तोंड काढी. चेंडा नावाच्या ढोलाच्या ठेक्यावर ते पोट हललं की लहान पोरं आईच्या पदरात शिरत. असा कॅनव्हास नशिबाने मिळतो, असं तो दारू न पिताही म्हणत असे.

पण गेल्या ओणमला पलीकडच्या मंडळाने व्यायामशाळेतला एक तरुण चित्ता म्हणून आणला. त्याच्या पोटावर आप्पेपात्र उपडं घातल्यासारखे सहा उंचवटे. टीव्हीचा कॅमेरा लोनप्पनपाशी थांबल्यासारखा झाला आणि चित्त्याकडे गेला, तो परत फिरकला नाही. लोनप्पनला ते फार लागलं. टीव्हीवरच जाहिरात बघून त्याने यंत्र मागवलं आणि जाहीर केलं, की यंदा पोटावर तोंड नको, नुसते पट्टे. लोकांना आपलं पोट दिसलं पाहिजे.

तेव्हापासून सुकुमारनची झोप उडाली. पाटीवर 'मसाला' लिहिता लिहिता तो मधलं अक्षर गाळू लागला. काही ना काही निमित्त काढून तो वेफर्सच्या दुकानावरून जाई आणि लोनप्पनच्या लुंगीची गाठ किती खाली सरकली ते न्याहाळी. जाताना त्याच्यासाठी पिकल्या केळ्याची भजी घेऊन जाई. लोनप्पन ती सगळी खाई, आणि खाल्लेलं जिरवायला यंत्रावर जास्त वेळ बसे. एकदा त्याने सुकुमारनचा हात धरून पोटावर दाबला. आत खरंच काहीतरी घट्ट लागलं. वाघ मरायला टेकला, एवढंच सुकुमारनला कळलं.

आणि आता यंत्र मोडलं. घटकाभर त्याला हायसं वाटलं, तेही चेहऱ्यावर दिसू न देता. पण लोनप्पन संध्याकाळी ते खांद्यावर टाकून वेल्डिंगवाल्याकडे गेला आणि जोडूनच घरी आला. सुकुमारनशी तो ओणमपर्यंत कामापुरतंच बोलला.

चौथ्या दिवशी सकाळी मंडळाच्या शेडमध्ये लोनप्पन अंगावरचे केस काढून, ओल्या रंगाला हात लागू नयेत म्हणून दोन्ही हातांत काठ्या धरून उभा राहिला.

"सहा कप्पे दिसतील असे पट्टे ओढ."

सुकुमारन समोर स्टुलावर बसला. त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, उजेडात वळवून पाहिलं. पोट गेल्या वर्षीचंच होतं, तसूभरही हललं नव्हतं. कप्प्याचं नाव नाही. हे मित्राला सांगायचं कसं? वेळ काढायला तो म्हणाला, "श्वास आत घे बघू."

लोनप्पनने घेतला. पोटाचा वरचा भाग आत गेला, खालचा जागेवर राहिला. मग खालचा गेला, वरचा परत आला. एवढं मोठं पोट, पण शाळेतल्या पोरांसारखं हुकमात आलेलं. सुकुमारनचा ब्रश हवेतच थांबला.

"लोनप्पा, मला तोंड काढू दे," तो म्हणाला. "नाही आवडलं तर रॉकेलने पुसून टाकतो, आणि पुन्हा तुझ्या पोटाचं नाव काढणार नाही."

लोनप्पनने मान हलवली आणि काठ्या घट्ट धरल्या. सुकुमारनने वरचा जबडा वरच्या भागावर काढला, खालचा खालच्यावर.

दुपारी रस्त्यावर चेंडे वाजू लागले आणि त्या वाघाने जांभई दिली. मग तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, ठेक्यावर कटकट दात वाजवल्यासारखं केलं. गर्दी हसत सुटली. कॅमेरा आला आणि तिथेच रुतला. पलीकडचा चित्ता गर्दीतून वाट काढत आला आणि आपले सहा उंचवटे घेऊन बघत उभा राहिला.

संध्याकाळी सुकुमारन रॉकेलच्या बोळ्याने वाघ पुसत होता. पोट पुन्हा नुसतं पोट होत चाललं होतं. सकाळपासून मनात असलेलं त्याने अखेर विचारलंच.

"खरं सांग, त्या यंत्रावर एवढा घाम गाळलास. ते सहा कप्पे आहेत तरी कुठे?"

"आहेत," लोनप्पन म्हणाला, "वाघाच्या मागे."