वाढदिवसाचा पासवर्ड

माझी नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. वयाने माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. लग्न केलं नाही, राहते आमच्यातच. पोरं तिला क्लिकबाई म्हणत, कारण तासभर तिच्या तोंडी एकच असायचं, "अरे, इथे क्लिक कर. इथे रे, तिथे नाही!" घरी आमचे हे तिला चिडवायचे, "ताई, भाजीत मीठ कमी आहे, जरा क्लिक कर." ती म्हणायची, "तुझ्या बायकोने केलीय, तिच्याकडे तक्रार कर."

खरं तर ती शाळेत टायपिंगच्या कामावर लागली होती. कॉम्प्युटर आले तेव्हा मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "तुमची बोटं चालतातच, मग हेही बघा." ताई स्वतः शिकत गेली आणि शिकवत गेली.

मग शाळेच्या इंटरनेटवरच्या पानावर प्रत्येक मुलाचं खातं काढायचं ठरलं. गृहपाठ त्यावर, वर्गाचा ग्रुप त्यावर. लहान पोरं पासवर्ड विसरतात, मग निम्मा तास रडारडीत जातो. ताईने सोपी वाट काढली. ज्याची त्याची जन्मतारीख हाच पासवर्ड. पोरं मोठी झाली की बदलू, असं तिच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

इकडे मोठ्या बाईंना एक हौस लागली. ज्या मुलाचा वाढदिवस असेल त्याचा फोटो सकाळी शाळेच्या पानावर टाकायचा. खाली नाव, इयत्ता आणि 'तेराव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा'. आईबाप खूश, आत्या-मावश्या खूश. एक दिवस ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की घराची किल्ली आपणच दाराला टांगतोय. ती सांगायला गेली, तर मोठ्या बाई हसल्या. "अहो, वाढदिवस कळला म्हणून कोण चोरी करतं? उगाच साप म्हणून भुई धोपटू नका."

ताई परत आली. पासवर्ड बदलणं तिच्याच हातात होतं. पण अख्ख्या शाळेची खाती, त्यात परीक्षा तोंडावर. सुट्टीत करू म्हणाली.

सुट्टी यायच्या आत आठवीतल्या एका मुलीच्या खात्यावरून वर्गाच्या ग्रुपवर इतर मुलींबद्दल घाणेरडं लिहिलं गेलं. मला ते इथे लिहायचं नाही. ही मुलगी शिंप्याची, हुशार, जराशी तोंडाळ. शाळेने तिला घरी बसवलं. वर्गातल्या मैत्रिणी रस्त्यात तिला पाहून थुंकल्या.

ते लिहिलं गेलं तेव्हा ती मुलगी ताईच्याच डोळ्यांसमोर बसून चाचणीचा पेपर लिहीत होती. ताई हे सांगायला मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही तिथे बसले होते.

"तिने लिहिलं नसेलही," अध्यक्ष म्हणाले, "पण पासवर्ड कुणाला तरी दिलाच ना? ती चूक तिचीच."

"द्यायची गरजच नव्हती," ताई म्हणाली. "सगळ्यांचा पासवर्ड जन्मतारीख आहे. तो मी ठेवला. आणि तारीख आपण रोज सगळ्यांना सांगतो."

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला." आठवडा संपायच्या आत ताईला कामावरून काढलं. निष्काळजीपणा, म्हणे. ताई म्हणाली, "जाऊ दे गं. पोरगी सुटली ना."

कसली सुटतेय! पालकांना शाळेकडून मेसेज गेला, की झालेल्या प्रकाराची चौकशी झाली असून संबंधितांवर कारवाई केली आहे. बस्स. आता संबंधित म्हटल्यावर लोक कुणाला धरणार? ज्यांनी शिंप्याच्या मुलीला धरलं होतं, त्यांची खात्रीच पटली. चोर सोडून संन्याशाला सुळी. ज्याने लिहिलं, त्याला कुणी शोधलंसुद्धा नाही. देव सगळं पाहतो असं मी मानते. पण पाहिलेलं तो कुणाला सांगत का नाही, हे मी त्या दिवशी देवासमोर बसून त्यालाच विचारलं.

मग एका दुपारी मुलगी आणि तिची आई आमच्या दारात. आईच्या बोटांना सुईचे घट्टे पडलेले. ती टेकली नाही, उभ्यानेच बोलली. "दाखला काढलाय. दुसऱ्या शाळेत घालतोय हिला. तुमच्यावर राग नाही असं म्हणणार नाही, बाई. पण खरं बोललात तुम्ही एकट्याच. तेही बंद दाराआड."

ताईने मान खाली घातली.

"बाई," मुलगी म्हणाली, "ते अजून ग्रुपवर तसंच आहे. माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट. मला आत जाता येत नाही, शाळेने पासवर्ड बदललाय."

"सगळ्यांचे?"

"नाही. फक्त माझा. तुम्ही पुसून टाका ना, बाई. नव्या शाळेतल्या मुलांना कुणीतरी दाखवेल."

ताई झटकन उठली. घरातला कॉम्प्युटर लावला, शाळेचं पान उघडलं. बोटं सवयीने चालली. आत घेईना. पुन्हा केलं, तरी तेच. तिचंही खातं शाळेने बंद केलं होतं. मग तिने मोठ्या बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

"बाळ," ताई म्हणाली, "माझ्या हातात काही ठेवलं नाही गं त्यांनी. तू मोठ्या बाईंना जाऊन सांग."

"गेले होते," मुलगी म्हणाली. "त्या म्हणाल्या, आम्हाला नाही येत ते पुसायला. ते काम तुमच्या कॉम्प्युटरच्या बाईंचं, त्यांना जाऊन विचार."