पाठमोऱ्या माणसांचे संवाद

माझा दादा गेला तेव्हा पेपरात चार ओळी आल्या, आणि त्यातली एक होती, 'देखण्या पण कथेत फसलेल्या गुंडपटाचे लेखक.' मेलेल्या माणसालाही सोडलं नाही. तो पेपर मी त्याच दिवशी भाजी निवडायला घेतला आणि देठांसकट टाकून दिला.

दादा माझा थोरला भाऊ. वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. कपड्यांच्या खिशात राहिलेल्या वस्तू वडील एका डब्यात जपून ठेवायचे, आणि दादा एकेक वस्तू काढून मला तिची गोष्ट सांगायचा. अर्धं फाटलेलं तिकीट, गंजलेली चावी, लहान मुलाचं बटण. चावी हातात घेऊन म्हणायचा, "या माणसाच्या बायकोने कुलूप बदललंय, हे त्याला अजून माहीत नाही." मी भोकाड पसरायची आणि वडील त्याला ओरडायचे. त्याला माणसांचं कळायचं. बाकी व्यवहाराच्या नावाने शून्य.

माझे यजमान दादाचेच मित्र, कॅमेरामन. धंद्यात सगळे त्यांना 'थांबासाहेब' म्हणायचे. शंभर माणसं तयार उभी असायची आणि हे आभाळाकडे बघत म्हणायचे, "थांबा." उजेड मनासारखा झाल्याशिवाय कॅमेरा सुरू होत नसे. आमच्या लग्नातही फोटो काढणाऱ्याला यांनी इतकं थांबवलं की फोटोत सगळे दमलेले दिसतात, मी तर रागावलेलीच. उजेड मात्र सुरेख आहे.

दोघांनी मिळून एकच सिनेमा केला. बंदरावरच्या टोळीत वाढलेले दोन भाऊ, आणि शेवटी थोरला धाकट्याला गोदामात नेऊन मारतो. तुम्ही पाहिला नसला तरी त्याचे फोटो कुठेतरी पाहिले असतील. ओल्या रस्त्यावरचे दिवे, धुक्यातून येणारी होडी, गोदामाच्या जिन्यावर पडलेली ती लांबच लांब सावली. लोक वेडे झाले. आणि बाहेर पडताना एकमेकांना विचारायला लागले, पण त्याने भावाला मारलं का?

ते कुणालाच कळलं नाही. सगळं खापर दादाच्या डोक्यावर फुटलं. वर त्याची थट्टा अशी की, या सिनेमात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, भिंतींशी बोलतात. पुढे एकाही निर्मात्याने त्याला दारात उभं केलं नाही. यांना बक्षीस मिळालं, कामं मिळाली. मुलाखतीत विचारलं की हे म्हणायचे, "मी माझं काम केलं. गोष्ट माझ्या हातात नव्हती." हे एक वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. पण एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. मी मूग गिळून बसले.

दादा एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर लागला तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. बिजागरी, कड्या, खिळे. गिऱ्हाईक कडी मागायला आलं की हा विचारायचा, "आतून लावायची की बाहेरून?" आणि त्या उत्तरावरून घरात काय चाललंय ते ओळखायचा. नातेवाइकांत कुणी चिडवलं, "तो सिनेमा तूच लिहिलास ना?" की हसून म्हणायचा, "हो. बघताना डोळे उघडे ठेवायचे, कान बंद." सगळे हसायचे. वहिनी तेवढी उठून आत जायची. तिने तो सिनेमा कधीच पाहिला नाही.

दादा गेला. त्याच्या मागोमाग यांची नजर पूर्ण गेली. काचबिंदू, कित्येक वर्षं कुरतडत आलेला. आता हे खिडकीपाशी तोंड करून बसतात आणि गालावर ऊन आलं की सांगतात, "चार वाजले असतील."

अशात बातमी आली की तो जुना सिनेमा धुऊन-पुसून नव्यासारखा केलाय, पुन्हा दाखवणार आहेत, आणि नंतर यांचा सत्कार आहे. एका समीक्षक बाईंनी आधीच लेखही लिहिला होता. चित्र म्हणून अप्रतिम, पटकथा म्हणून पोकळ, असा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी तो यांना वाचून दाखवला आणि म्हटलं, "आज स्टेजवर एकदा तरी दादाच्या बाजूने बोला. त्याच्या बायकोसाठी तरी."

"अगं, लंगडी होती पटकथा. मी खोटं कसं बोलू?"

"खोटं नका बोलू. दोन बरे शब्द बोला."

मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "मी नाही येत, वन्सं. त्या सिनेमाने माझं घर खाल्लं."

तर आम्ही दोघंच गेलो. दिवे मंद झाल्यावर मी नेहमीसारखं यांच्या कानात सांगायला लागले, आता होडी आली, आता दिवे लागले. थोड्या वेळाने यांनी माझा हात दाबला. "नको सांगूस. पाठ आहे मला. ऐकू दे."

मीही ऐकायला लागले. नुसतं ऐकलं की तो सिनेमा खरंच रिकामा होता. पावलं, पाणी, मोटारीचे दरवाजे. माणसं दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. मध्येच कुणीतरी एखादं मोठं वाक्य बोलतं आणि आपण दचकतो. अशाच एका वाक्याला यांनी विचारलं, "आता बोलला तो पाठमोरा आहे का?"

मी पाहिलं. "हो, पाठमोरा."

पुन्हा एक वाक्य आलं, थोरला धाकट्याच्या आजारपणाबद्दल सांगतो ते. "आणि हा?"

"हाही पाठमोराच. समुद्राकडे तोंड आहे."

पुढच्या वेळी यांनी विचारलंही नाही. नुसता श्वास जोरात चालू झाला. मग मला हलक्या आवाजात सांगितलं ते असं. तेव्हा शूटिंगच्या वेळचा आवाज वापरत नसत. मागाहून नट एका बंद खोलीत पडद्यावरच्या ओठांकडे बघत पुन्हा बोलायचे. तोंड दिसत असेल तर शब्द बदलता येत नाहीत. पण पाठमोऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

"एक प्रसंग होता," हे म्हणाले. "स्वयंपाकघरात दोघं भाऊ बसलेत आणि थोरला धाकट्याला सगळं सांगतो. टोळीने त्याच्यासमोर कोणता पेच ठेवलाय, तो का मारणार आहे. वर एक पिवळा बल्ब. मी म्हटलं, बल्बखाली दोन माणसं बोलतात, यात दाखवायचं काय? आज करू, उद्या करू. मी बंदरावर धुक्यासाठी थांबलो. मग दिवस संपले, सेट मोडला. तो प्रसंग घेतलाच नाही." मग म्हणाले, "तुझ्या दादाने तो फोडून पाठींवर चिकटवलाय. जिथे जिथे मी पाठ दाखवली तिथे."

मला राग यायला हवा होता. आला नाही. दादा त्या बंद खोलीत बसून माझ्या नवऱ्याने ठेवलेल्या रिकाम्या जागा शोधतोय, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

गोदामाचा शेवट आला. दिवा घेतलेला म्हातारा पहारेकरी, त्याचा चेहरा सबंध सिनेमात दिसत नाही. दिव्याचा उजेड पाण्यावर हलतो आणि सगळं थिएटर तिकडेच बघत राहतं. मीही पूर्वी तेच बघितलं होतं. पहारेकरी म्हणतो, "दोघं एकाच पांघरुणात वाढले. एक गेला. आता दुसऱ्याला थंडी वाजेल."

यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. "हा दादा आहे," हे म्हणाले. "हा आवाज दादाचा आहे."

तो दादाच होता. कुठल्या नटाला बोलवायला वेळ उरला नसेल, म्हणून स्वतःच बोलला. मी पडद्याकडे बघत रडत होते आणि पडद्यावर कुणा दुसऱ्याचीच पाठ होती.

स्टेजवर हे नीट उभे राहिले. समीक्षक बाईंनी उजेडाबद्दल विचारलं. हे म्हणाले, "उजेडाचं सोडा. पटकथा पोकळ नव्हती, मी पोकळ केली. तिचा जीव होता तो प्रसंग माझ्या हट्टापायी चित्रित झाला नाही. लेखकावर बोट ठेवलंत, ते माझ्यावर ठेवा. त्याने माझा सिनेमा सावरला आणि मी त्याला आयुष्यभर लंगडा म्हणालो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी बाईंचा लेख आला. 'कमकुवत पटकथेचा दोषही या थोर कलावंताने दिलदारपणे स्वतःच्या शिरावर घेतला.' मी मोठ्याने वाचला. यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे मी आणखी मोठा झालो." त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी मी वहिनीकडे गेले आणि तिला हाताला धरून घेऊन आले. आयोजकांनी सिनेमाची प्रत दिली होती. यांनी टीव्हीवर कापड टाकायला सांगितलं, नुसता आवाज हवा म्हणाले. वहिनी बसल्यावर यांनी हात जोडले. जरा बाजूलाच, कारण ती नेमकी कुठे बसली ते यांना कळलं नव्हतं.

"वहिनी, चूक माझी होती."

"मला माहीत आहे, भावोजी," वहिनी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुझ्या दादांनी बोलू दिलं नाही. पहिल्यांदा म्हणाले, मित्र आहे, मेहुणा आहे. नंतर भावोजींच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा म्हणाले, त्याचे डोळे चाललेत, मनात बघायला तेवढं एक चित्र त्याला राहू दे."

मी शेवटचा भाग लावला. कापडाखालून पाणी ऐकू आलं, पावलं ऐकू आली, आणि दादा बोलला. आता दुसऱ्याला थंडी वाजेल.

वहिनी म्हणाली, "नाक चोंदलंय. सर्दी झाली होती त्यांना. वाफ घ्या म्हटलं, न घेताच रेकॉर्डिंगला गेले." आणि तोंड झाकून ती रडायला लागली. दादा गेला तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी बंद करायला उठले.

"थांब," हे म्हणाले. "त्याचं अजून एक वाक्य आहे."

गोदामाचं दार ओढल्याचा आवाज आला, आणि दादाने विचारलं, "आत कुणी राहिलंय का?"

सिनेमात त्याला कुणी उत्तर देत नाही.