आर्डीचं पाणी सांगणारी नेटा

नेटा डॉबी दिसायला काही खास नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. नाक लाल, हात राठ आणि बारा महिने अंगात बापाचा जुना ओव्हरकोट. तरी आर्डी नदीच्या खोऱ्यातली अकरा घरं रोज सकाळी तिचा आवाज ऐकण्यासाठी हातातला चहा गार होऊ द्यायची. माझा आवाज तिच्यापेक्षा चांगला आहे, चर्चमध्ये मी गाते. पण ते असो.

नेटाचं घर खोऱ्यात सगळ्यात वर, पुलापाशी. पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले होते. जून ते सप्टेंबर, जगाच्या या दक्षिण टोकाला आमच्या भर हिवाळ्यात, उजाडलं की ती काठावर उतरायची, आकड्यांवरचं बर्फ कुऱ्हाडीच्या दांड्याने फोडायची आणि पाणी बघायची. मग अंगणातल्या खांबाशी बर्फ कितपत साठलंय ते बघायची, मग खिंडीवरचं आभाळ. एवढं झालं की शहरातल्या नदीच्या ऑफिसला फोन. या कामाचा तिला पगार होता. ती जागा निघाली तेव्हा अर्ज मीही केला होता. साहेबाने कळवलं, तुमचं घर खोऱ्याच्या मध्ये पडतं, आम्हाला वरचं माणूस हवं. जसं काही घर मी मुद्दाम मध्ये नेऊन बांधलं होतं.

ऑफिसनंतर तिचा दुसरा फोन ड्यूगल केरला. ड्यूगल सगळ्यात खाली राहायचा, नदी आणि नदीचा जुना कोरडा फाटा यांच्यामधल्या सपाटीवर. घर तिथेच, आणि हिवाळाभर त्याच्या गाभण मेंढ्याही तिथेच, कारण बर्फ तिथे फार टिकत नसे. नदी चढली की आधी तो फाटा भरतो आणि सपाटीवरचा माणूस अडकतो. त्यामुळे पाण्याची खबर सगळ्यात आधी त्याला मिळायला हवी. इथवर माझी काही तक्रार नाही.

पण ड्यूगल केर मला हवा होता.

खोऱ्यात टेलिफोनची तार एकच. कोणाचीही घंटा सगळ्या घरांत वाजायची. ड्यूगलची एक लांब, दोन आखूड. ती वाजली की फोन आपला नाही हे प्रत्येकाला कळायचं आणि प्रत्येक जण उचलायचा. याला आमच्याकडे कोणी वाईट म्हणत नव्हतं. फक्त जितकी माणसं कानाला लावून बसतील तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक व्हायचा.

"किती?" ड्यूगल विचारायचा.

"चार फूट. काल होतं तेवढंच."

"आणि बर्फ?"

"गुडघ्यापर्यंत."

"कोणाच्या गुडघ्यापर्यंत? तुझ्या की माझ्या?"

"तुझ्या गुडघ्याचं मला काय ठाऊक!"

यावर ती हसायची, तो हसायचा, आणि तारेवर कोणीतरी तिसरं फिसकन हसायचं. ती पोस्टाशेजारची मिसेस पॅटुलो. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा. मी या माणसासाठी लोकरीचे मोजे विणले होते. "थँक यू, इना" एवढं म्हणाला, ते पायात चढवले आणि नेटाच्या घराची धुराडी साफ करायला गेला! माझ्या गुडघ्याची चौकशी त्याने कधी केली नाही.

भाऊ आर्ची म्हणायचा, "सोड ना तो रिसीव्हर. पाव करपतोय."

"पाण्याचं ऐकतेय."

"पाण्याचं ऐकताना दात-ओठ कशाला खातेस?"

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आठवडाभर बर्फ पडलं. कुंपणं दिसेनाशी झाली. आणि मग एका पहाटे वायव्येचा वारा सुटला. आमच्याकडे त्या वाऱ्याला सगळे घाबरतात. ऊबदार असतो, डोंगरावर धो धो पाऊस आणतो, आणि पाऊस बर्फावर पडला की दोन्ही मिळून खाली येतात. पागोळ्या इतक्या जोरात गळत होत्या की मी जागी झाले ती त्या आवाजानेच. बाहेर नदी मात्र अजून शांत होती.

घंटा वाजली. एक लांब, दोन आखूड.

त्या सकाळी न उचलणारं घर खोऱ्यात नसेल. प्रत्येकाच्या मेंढ्या कुठे ना कुठे अडकल्या होत्या.

"ड्यूगल," नेटा म्हणाली, आणि आवाज असा आला, जणू ती विहिरीच्या तळाशी आहे. "पाणी पुलाच्या तुळईला लागलंय. निघ!"

"काय? ऐकू येत नाही. किती फूट?"

"आकडे बुडाले! मेंढ्या घे आणि वर डोंगराच्या धारेवर जा. फाटा भरेल!"

"गुडघ्यापर्यंत म्हणालीस का?" तो हसत होता. त्याला वाटलं, रोजचंच चाललंय.

नेटाने मोठा श्वास घेतला तो मला स्पष्ट ऐकू आला. "फोन ठेवा! सगळ्यांनी! माणूस मरेल तो. मिसेस पॅटुलो, तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येतेय मला इथे!"

"मी आत्ताच उचलला गं बाई," मिसेस पॅटुलो म्हणाली आणि ठेवला. मग खट, खट, खट. घरामागून घर तारेवरून उतरत गेलं.

मी ठेवला नाही. श्वास रोखून उभी राहिले. एका माणसाने काय फरक पडतो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दोघांना एकटं सोडायला माझा हात तयार नव्हता. रोज सकाळी त्यांच्यामध्ये अख्खं खोरं बसलेलं असायचं म्हणून मला झोप तरी लागायची.

"हॅलो? नेटा? तू आहेस ना?" ड्यूगल विचारत होता. तिचे शब्द त्याला अजून धड पोचत नव्हते.

"इना," नेटा म्हणाली. ओरडली नाही. "तूसुद्धा."

तिला माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं, देव जाणे. माझे कान तापले.

"मी सांगते त्याला," मी म्हणाले. "मी जवळ आहे, माझा आवाज त्याला नीट जाईल."

"तू सांगितलंस तर तो निघेल का?"

मी सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, नेटा काय म्हणते? मग खिडकीशी जाऊन नदी बघितली असती, नदी शांत दिसली असती, आणि त्याने चहा ठेवला असता.

"इना, पाया पडते तुझ्या."

मी फोन ठेवला.

ड्यूगलच्या मदतीला जायचं म्हणून आर्ची घोडा काढायला बाहेर धावला. मी भिंतीवरच्या त्या लाकडी खोक्यासमोर उभी राहिले. फोन संपला की सगळ्या घरांत घंटेची एक टिचकी वाजायची. मी तिची वाट बघत होते. मेंढ्या हाक, धारेवर जा, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? टिचकी वाजली तेव्हा आर्ची जीन कसून निघूनही गेला होता.

न्याहारीनंतर नदी आमच्या घरासमोरून गेली, तपकिरी, झाडं आणि कोणाचं तरी फाटक घेऊन. ड्यूगलचं घर खिडक्यांपर्यंत बुडालं. पण तो कुत्र्यांसह धारेवर होता आणि मेंढ्या, मागे राहिलेल्या काही सोडून, त्याच्या भोवती उभ्या होत्या. आर्चीने येऊन सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून रडले. तो वाचला म्हणून रडले, आणि रागानेही रडले. दोन्हीचं रडू एकाच वेळी येतं.

दुसऱ्या दिवशी मिसेस पॅटुलोने मला गाठलंच. "तू शेवटपर्यंत होतीस म्हणे. काय बोलले गं दोघं एवढं?"

"पाण्याचं," मी म्हणाले.

"एवढा वेळ?"

"पाणी खूप होतं."

वसंतात त्यांचं लग्न झालं. केक मी केला, आणि चांगला केला. माझ्यासारखा केक खोऱ्यात कोणाला जमत नाही, नेटाला तर नाहीच. नेटा खाली राहायला गेली, ड्यूगलने घर आता धारेवर बांधलंय. मग आर्चीनेही लग्न केलं, आणि त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात दुसरी बाई नको होती. पुलापाशी नेटाचं घर रिकामं होतं, पाणी बघायची जागाही रिकामी होती. या वेळी साहेबाने मला लगेच घेतलं.

आता आर्डीचं पाणी मी सांगते. ऑफिसला फोन झाला की दुसरा फोन खाली. घंटा वाजवते आणि वाटतं, आज तरी ड्यूगल उचलेल.

नेटा उचलते.

"सांग इना," ती म्हणते. मी पाणी सांगते, बर्फ सांगते, खिंडीवरचं आभाळ सांगते. "बरं, त्याला सांगते," म्हणते ती. तिचा आवाज माझ्या शेजारी बसल्यासारखा लख्ख येतो. आमचं बोलणं ऐकायला खोऱ्यात कोणीच फोन उचलत नाही.