भोंगा झाला तरी डबा उघडायचा नाही

शिपाईमामांपासून मोठ्या बाईंपर्यंत शाळेतल्या सगळ्यांची नक्कल मला येते, आणि खरं सांगायचं तर नोकरी त्यावरच मिळाली. मुलाखतीला पेटीवर दोन प्रार्थना वाजवल्या. तिसरी येत नव्हती, म्हणून कोंबडा, डंपर आणि आमच्या शहाद्याच्या शाळेतले पीटीचे सर करून दाखवले. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्या नाहीत. पण माझ्याकडे चित्रकलेचं प्रमाणपत्रही होतं, आणि सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेला संगीत आणि चित्रकला मिळून एकच माणूस परवडतो. तो मी झालो.

मजेत चाललं होतं. चित्रकलेला देखावा, संगीताला प्रार्थना. मग एक दिवस बाईंनी बोलावून घेतलं. संस्थेच्या कमिटीत एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं पडलं की गाणं आणि चित्र म्हणजे टाइमपास, त्यात पोरांच्या डोक्याला ताण कुठंय. तर गुरुवारी काका सहावीच्या वर्गात येऊन बसणार. काम अवघड दिसलं तर ठीक, नाहीतर दोन्ही तास गणिताला.

गणिताला म्हणजे मी परत मामाच्या दुकानात. मामाचं मार्केटात साड्यांचं दुकान आहे आणि तिथं माझं काम एकच होतं, गिऱ्हाइकासमोर साडी स्वतःच्या अंगावर लावून उभं राहायचं. एकदा एक मावशी म्हणाल्या की मोरपंखी मला फार खुलते. त्याच दिवशी मी शिक्षणक्षेत्रात यायचं ठरवलं होतं.

तर अवघड करायचं. पहिला प्रयत्न म्हणून सहावीला सांगितलं, देखावा काढा, पण डोंगर काढायचे नाहीत. एकाने विचारलं, मग सर, सूर्य कुठून काढायचा? मी म्हटलं, रोज कुठून निघतो ते बघा ना. त्यांनी बघितलं. त्यांच्यापैकी कुणीही सुरतेत डोंगर पाहिलेला नाही, सूर्य मिलच्या पाण्याच्या टाकीमागून निघतो हे सगळ्यांना माहीत होतं, तरी निम्म्या पोरांनी टाकीलाच डोंगरासारखं टोक काढून दिलं. उरलेल्यांनी सूर्य काढलाच नाही. ढगाळ आहे म्हणाले.

हे अवघड होतं, पण दाखवण्यासारखं नव्हतं. मग मला माझ्या धंद्यातलं सुचलं. पोरांना म्हटलं, गल्लीतला एकेक आवाज घ्या आणि त्याची रेघ काढा. लूमचा आवाज म्हणजे करवतीचे दात. कुकर म्हणजे ठिपके आणि मग एक फराटा. चपलांची फरफट, नळाची टपटप, सगळं आलं. ते कागद चिकटवून एक लांब पट्टी केली, फळ्यावर लावली, आणि मी छडी डावीकडून उजवीकडे नेणार तसं पोरांनी ती रेघ गायची. चित्रही झालं, संगीतही झालं. मी स्वतःवर फार खूश होतो.

पट्टीच्या बरोबर मध्ये भोंगा होता. आमच्या शाळेच्या भिंतीला लागून साड्यांना लेस लावायचं खातं आहे. खातं म्हणजे छोटा कारखाना. तिथं बायांचे मोबाईल गेटवर जमा होतात, त्यामुळे जेवायची सुट्टी भोंग्यावर. आमच्या निम्म्या पोरांच्या आया तिथंच कामाला आहेत. शाळेची मधली सुट्टीही त्यावरच होते, शिपाईमामा घड्याळ बघतच नाहीत, भोंगा ऐकला की घंटा देतात. भोंग्याची रेघ एका मुलीने काढली होती, खालून जाड उठते, वर थरथरते आणि हळूच बसते. आवाजही तिचाच. मी दहा वर्षं नकला करतोय, पण तिचा भोंगा ऐकून मला माझीच लाज वाटली.

तालमीत पट्टी भोंग्यापर्यंत मस्त आली. भोंगा झाला, आणि अख्ख्या वर्गाने डबे उघडले. भोंगा करणाऱ्या मुलीनेही. तिला विचारलं, अगं, तूच केलास ना भोंगा? ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "हो सर, पण झाला ना."

परत केलं, परत उघडले. हात आपोआप जायचे. एकाला हातावर बसवलं, तर त्याने दाताने दप्तराची चेन ओढली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अवघड काम आपल्याला सापडलंय. भोंगा मनापासून करायचा, डबा उघडायचा नाही आणि पुढच्या चपला आणि नळ गाऊन पट्टी संपवायची. काकांच्या भाषेत, ताण.

आठवडाभर आम्ही तेच केलं. डबे समोर बाकावर, वास सुटलेला, आणि पोरं डोळे मिटून टपटप म्हणतायत. जवळच्या वर्गांना त्रास नको म्हणून आम्ही दबक्या आवाजात गायचो. बुधवारी एकाही डब्याचं झाकण हललं नाही.

गुरुवारी काका आले, मागच्या बाकावर बसले, हाताची घडी घातली. मी छडी उचलली. लूम झालं, कुकर झाला. आणि काकांना नीट ऐकू जावं म्हणून त्या मुलीने भोंगा पहिल्यांदाच पूर्ण आवाजात काढला. खिडक्या उघड्या.

आधी शिपाईमामांनी घंटा दिली. मग बाकीचे वर्ग पटांगणात सांडले. आणि मग भिंतीपलीकडची शिलाई यंत्रं एकेक करून बंद पडली. पण छडी थांबवली तर तास गणिताला, म्हणून मी ती पुढे नेत राहिलो. वर्ग चपलांवर आला तेव्हा खिडकीत आया येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात डबे घेऊन. सुट्टी झाली, शाळेतही झाली, आणि आपली पोरं डबा समोर ठेवून पुतळ्यासारखी बसलीयत, हे त्यांना काही झेपेना. एक आई गजांतून आपल्या पोराला म्हणाली, "काय व्हयनं रे? डबा काबर नही उघडत?"

पोराचे डोळे भरून आले. आईकडे बघत तो म्हणाला, "टप. टप. टप."

पट्टी संपली. एकही डबा उघडला नव्हता. तेवढ्यात खात्याचा सुपरवायझर धावत आला. गुजरातीत विचारत होता, भोंगो कोणे वगाड्यो? वर्गाने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे. काकांनी सुपरवायझरला शांतपणे बसायला सांगितलं, जसं कर्ज मागायला आलेल्याला सांगत असतील तसं, आणि मला म्हणाले की हे सगळं ठीक आहे, पण भोंगा तर भोंगा, त्यात अवघड काय.

मी काही बोलायच्या आत भोंग्याची मुलगी उठली. म्हणाली, "काका, तुम्ही करून बघा ना."

काका फळ्यापाशी आले. घसा साफ केला. रेघेवर बोट ठेवलं आणि जो आवाज काढला तो स्कूटर चढणीला लागल्यासारखा होता. पोरं समजावू लागली, काका, इथं रेघ जाड आहे, इथं थरथरते. काकांनी पुन्हा केलं. खिडकीतून निकाल आला, "या भोंग्यावर मी तर पाणीबी पिणार नाही." सुपरवायझरही हसला आणि बायांना घेऊन परत गेला. जाताना एवढंच म्हणाला की यापुढे खिडक्या लावून घ्या.

काका हसले नाहीत. घाम पुसत पुसत ते थेट बाईंच्या खोलीत गेले. मी बाहेर उभा राहून मोरपंखी रंग आठवत होतो. दार उघडलं तेव्हा बाईंनी सांगितलं, दोन्ही तास राहतील. आणि दर गुरुवारी काका येतील.

आता मला प्रत्येक गुरुवारची दोन नियोजनं करावी लागतात, पोरांना अजून अवघड आणि काकांना जरा सोपं. काका सहावीत खिडकीशेजारी बसतात, रेघा काढतात, पोरांकडून बोलणी खातात. परवा बाईंनी हळूच विचारलं, कुठपर्यंत आलेत?

म्हटलं, चपला चांगल्या जमल्यात. भोंग्याला वेळ लागेल.