आत्यासाहेब विष घालणार नाहीत

टाचणीताईंना मी खुर्चीवर बसलेलं क्वचितच पाहिलं. आमच्या लेखनखोलीत खिडकीजवळची खुर्ची त्यांची, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. त्या स्वतः भिंतभर लावलेल्या बुचाच्या फळ्यासमोर येरझाऱ्या घालत असायच्या. फळ्यावर प्रत्येक पात्राच्या नावाखाली रंगीत कार्डं. कोणाला काय ठाऊक आहे, कोणापासून काय लपवलंय, कोण कोणावर कशासाठी चिडलंय. कथेत कुठे काही बदललं की त्या कार्डं उपटून दुसरीकडे टोचायच्या. दोन टाचण्या ओठांत, दोन बाहीला. नाव त्यावरून पडलं. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आम्ही ते कधी वापरलं नाही.

मालिका होती दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदार घराण्याची. संवाद माझ्याकडे, आणि पात्रं कशी वाढतात, कथानकाचे सांधे कसे जुळतात, हे सगळं त्यांच्याकडे. वय बावन्न. आधीची वीसेक वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती, त्यामुळे चूक दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे यायचा. थोरल्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा या अक्कानंच कपडे शिवून त्यांना वाढवलं. लग्न दोघींनीही केलं नाही.

मालिकेतल्या आत्यासाहेब ही टाचणीताईंचीच करणी. मूळ आराखड्यात ही बाई म्हणजे कंबरेला किल्ल्या आणि तोंडाला तीन वाक्यं, एवढीच. टाचणीताईंनी तिला माणूस केलं. ती सगळ्यांच्या मागून, तेही उभ्यानंच जेवते. अवघड बोलायचं असलं की आधी हातातलं फडकं चौपदरी घडी करते. ‘मला हवं’ असं कधी म्हणत नाही, ‘मुलीला हवं असेल’ म्हणते. मुलगी म्हणजे तिची भाची, भावामागे तिनं वाढवलेली. प्रेक्षकांनी या आत्यासाहेबांना डोक्यावर घेतलं.

आणि मग मालिकेची प्रेक्षकसंख्या घसरायला लागली.

एका सोमवारी दुपारी कथाप्रमुख खोलीत आला. वय पस्तीस, सतत घाईत, आवाज नेहमी एक पट्टी वर. म्हणाला, “ठरलं. पुढच्या शुक्रवारच्या भागात आत्यासाहेब भाचीच्या दुधात विष घालणार.”

“का?” टाचणीताईंनी विचारलं.

“लोकांना धक्का हवाय.”

“धक्का द्यायला हातगाडी असते. माणूस कशाला?”

मी हसलो. तो हसला नाही. “कारण शोधा. तुमचं कामच ते. बुधवारी सकाळी मला हवंय.”

ते दोन दिवस त्यांच्या पायाला भिंगरी लागली. फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून दार. चहा मागवायच्या आणि विसरायच्या. जुनं फसलेलं प्रेम टोचून पाहिलं, जमीनजुमला टोचून पाहिला, एक लपवलेलं मूलही टोचून पाहिलं. प्रत्येक कार्ड तासाभरात खाली यायचं. “साप साप म्हणून भुई धोपटतेय मी,” स्वतःशीच म्हणायच्या. त्यात आत्यासाहेबांचं काम करणाऱ्या नटीचा फोन. “ताई, विष घालायला माझी ना नाही. पण घालताना मनात काय धरू, तेवढं सांगा.” टाचणीताईंनी ‘सांगते’ म्हणून फोन ठेवला आणि पेनाचं टोपण चावून सपाट केलं.

पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून ठाऊक.

मंगळवारी संध्याकाळी त्या घरी गेल्या. अक्का खिडकीशी बसून कुणाच्या तरी झग्याला दुमड घालत होती. ती मालिका रोज पाहायची, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही.

“अक्का, आत्यासाहेब भाचीला विष घालतील का गं?”

“कशाला? जिवापाड वाढवलीय तिनं.”

“समज, भाची तिला सोडून चाललीय.”

“मग मारून काय साधणार? मेली तरी गेलीच की.” अक्कानं दोरा दातानं तोडला. “तिला ती जायला नको आहे. त्या पोरीला राजधानीतून चित्रं काढायला बोलावणं येणारेय ना? तो खलिता तिच्या हातात पडूच द्यायचा नाही. पोरगी वाट बघेल, खट्टू होईल आणि मग घरात रमेल. कुणाला कळायचंही नाही.”

दोन दिवस जे सापडत नव्हतं ते असं एका दमात समोर आलं होतं. टाचणीताई खूश होऊन म्हणाल्या, “हे तुला सुचलं कसं?”

अक्काचा हात थांबला. झगा तिनं मांडीवर ठेवला, त्याची घडी केली, त्या घडीची आणखी घडी केली.

“छोटे, आता ताकाला जाऊन भांडं काय लपवू,” ती म्हणाली. “सुचलं नाही. मी केलंय.”

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लांबच्या शहरात नाटक लिहायला शिकवणारी एक संस्था होती. छोटीनं तिकडे आपलं नाटक पाठवलं होतं आणि मग दोन महिने रोज पोस्टमनची वाट पाहिली होती. उत्तर आलं नाही. आपण नापास झालो, असं समजून तिनं छापखान्यातली नोकरी धरली. उत्तर आलं होतं. अक्कानं ते दारातच घेतलं, शिलाई मशीनच्या खणात ठेवलं आणि होकार कळवायची मुदत टळल्यावर चुलीत घातलं.

“तू गेली असतीस तर सकाळी मी कुणासाठी उठले असते?” अक्का एवढंच म्हणाली. माफी मागितली नाही.

टाचणीताईंनी चपला घातल्या आणि बाहेर पडल्या. त्याच चार गल्ल्या तासभर फिरल्या. ओळखीच्या दुकानदारानं हाक मारली, ती त्यांना ऐकूही आली नाही. परत आल्या तेव्हा ताट वाढलेलं होतं. जेवल्या.

बुधवारी सकाळी त्यांनी कथाप्रमुखासमोर खलिता मांडला.

“विषाच्या जागी कागद?” तो म्हणाला. “फार मिळमिळीत आहे हो.”

“विष घातलं तर आत्यासाहेब शुक्रवारी संपल्या. खलिता लपवला तर त्यांना रोज त्या मुलीसमोर वावरायचंय. तिनं नुसतं ‘आत्या’ म्हटलं तरी यांचा हात फडक्याकडे जाईल. तुम्हाला भाग किती हवेत?”

तो वाहिनीच्या माणसांशी बोलायला बाहेर गेला. वीस मिनिटांनी आला आणि म्हणाला, “लिहा.”

प्रसंग मी लिहिला. आत्यासाहेब खलिता छातीशी धरून हमसून रडतात, असा. टाचणीताईंनी त्यावर उभी रेघ मारली. “ती रडत नाही. ती किल्ल्या मोजते आणि स्वयंपाकघरात जाते.” तुम्हाला इतकं खात्रीनं कसं ठाऊक, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी वरची सगळी हकिकत सांगितली. खिडकीकडे तोंड करून, एका सुरात.

“अक्कांना विचारलंत, हे वापरू का म्हणून?”

“तिनं मला विचारलं होतं?”

उत्तर चोख होतं, पण त्याचा त्यांना आधार वाटला नसावा. प्रसंग चित्रित झाला आणि त्यांची तगमग दुप्पट झाली. संकलकाकडे जाऊन तो तुकडा काढायला लावायचा त्यांनी एकदा विचार केला, जिन्यापर्यंत गेल्या आणि परतल्या. शेवटी प्रक्षेपणाच्या दिवशी दुपारीच घरी गेल्या आणि अक्काला सांगून टाकलं. अक्का म्हणाली, “दाखवा की. मला थोडंच कुणी ओळखणारेय?”

दोघींनी तो भाग शेजारी बसून पाहिला. संपल्यावर अक्का म्हणाली, “बाई काम छान करते. पण कागद फार पटकन ठेवून दिला तिनं. मी आठवडाभर रोज काढून वाचायचे.”

इतक्या दिवसांत टाचणीताईंनी जे विचारलं नव्हतं, ते आता तोंडातून निसटलं. “काय लिहिलं होतं त्यात?”

अक्काला ते पाठ होतं. चार ओळींचं पत्र. प्रवेश दिला आहे, अमुक तारखेपर्यंत कळवा. आणि खाली कुणी शिक्षकानं हातानं लिहिलेलं, की आपल्या नाटकातली थोरली बहीण फार जिवंत उतरली आहे, पुढच्या लेखनात तिला सोडू नका.

“आणि तू ते जाळलंस,” टाचणीताई म्हणाल्या.

“जाळलं.”

टाचणीताईंना हसू आलं, ते आवरेना, आणि मग त्या इतक्या रडल्या की अक्कानं घाबरून पाणी आणलं. त्या रडण्यातून काही मिटलं असं मात्र नाही. दीड महिन्यानं त्यांनी चित्रीकरणाच्या जागेजवळ एक खोली भाड्यानं घेतली. बावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं राहायला. निघताना अक्का भांडली नाही. फक्त म्हणाली, “आठवड्याला एक चक्कर टाकशील ना?” त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही.” पहिले तीन आठवडे गेल्या नाहीत.

आत्यासाहेब आणखी एकशे साठ भाग चालल्या. शेवटी भाचीला खलिता सापडतो तेव्हा तिनं आत्याच्या गळ्यात पडावं, असा वाहिनीचा आग्रह होता. टाचणीताईंनी तिला घोड्यावर बसवून राजधानीला पाठवलं. त्यावरून मोठी वादावादी झाली, पण भाग तसाच गेला.

मालिका संपल्यावर त्यांनी दुसरी घेतली नाही. नाटक लिहायला घेतलंय. पहिला अंक मी वाचलाय, चांगला आहे. दुसरा अडलाय. परवा मी फोन केला तर चिडलेल्या होत्या. सकाळपासून सात पानं फाडली म्हणाल्या. मी काहीतरी सुचवायला लागलो, तर मध्येच म्हणाल्या, “थांब, ठेवते. अक्का आलीय. तिला जिन्यात मध्येच दम लागतो, खाली जायला हवं.”