पडद्याशी बोलणाऱ्या बाई

लोणावळ्यातल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई पेशंटशी पुस्तकी मराठी बोलतात आणि पडद्याशी मावळातली. पोटावर यंत्र फिरवता फिरवता पुटपुटतात, "हितं काय लपलीस गं? आन् हे कोंब कुटनं फुटले?" हे सगळं माझ्या डाव्या अंडाशयातल्या गाठीला. मी सातवीत शाळा सोडलेली, गाव लांब नांदेडकडं, इथं हॉटेलात पोळ्या लाटते. पडद्यावरचं मला काही कळायचं नाही, त्यांचा चेहराच तेवढा वाचता यायचा.

परवा रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी पुन्हा तपासलं. मी विचारलं, "म्याडम, कॅन्सर हाय का?"

"काठावरची वाटते, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधली. रक्तातला आकडा वाढलाय, पण तो इतर कारणांनीही वाढतो. गाठ काढून तपासल्याशिवाय मला ठाम सांगता येणार नाही."

बाकी सगळे 'काही होत नाही' म्हणत होते. यांचं ऐकून उलट बरं वाटलं.

"पुढं लेकरू होईल का मला?"

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. "ही उजवी बाजू. स्वच्छ दिसतेय. ही ठेवता येईल का, ते मी सर्जनशी बोलते."

मी त्या करड्या ठिपक्याला हात जोडले.

"अगं, तिला काय कळतंय!" त्या हसल्या. एरवी त्या पुसायला कागद हातात देतात; त्या दिवशी माझ्या पोटावरचं जेल त्यांनी स्वतःच पुसलं.