डाव्या चाकावरची जागा

टायर कितीही नवा असो, आप्पा आधी उकिडवे बसायचे, डोळे मिटायचे आणि टायरवरून सावकाश तळवा फिरवायचे. "डोया फसस, हात नही फसत." अक्कलकुव्याहून मोलगीला निघताना तुम्हीही हे ध्यान पाहिलं असेल. दुकान कसलं, चार पत्रे आणि हवा भरायचं मशीन. पण ते 'चाल' म्हणाले की गाडी बिनघोर घाट चढायची.

माझी पिकअप जुनी. बाजाराच्या दिवशी मागे माल आणि मालावर माणसं. चारही टायर गुळगुळीत झाले तेव्हा आप्पांनी साध्या लोखंडी डिस्क आणि अरुंद टायर निवडून दिले. मला मात्र लग्नाच्या गाड्यांना असतात तशी चकचकीत, रुंद चाकं हवी होती.

"गाडीनं लगीन शे का?" आप्पा म्हणाले.

मी हट्टाला पेटलो. गुजरात हद्दीतल्या एका भंगारवाल्याकडून टायरसकट चार चाकं आणली. टायरची नक्षी कोरी करकरीत. आप्पांनी बाजूवरचा तारखेचा आकडा चाचपला. "वापरेल नही, पन म्हतारं शे. उभं राहीसन बी टायर म्हतारं व्हस." कडेला बारीक भेगा होत्या. त्या मीही पाहिल्या होत्या. तरी काळं पॉलिश मारून मी चाकं चढवली.

आप्पांना जाऊन आता वर्ष होईल. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी आठवला तो चाकं चढवल्यानंतरचा चौथ्या बाजाराचा दिवस. त्या दिवसाचा धक्का अजून ओसरलेला नाही.

त्या सकाळी आप्पा दुकान बंद करून आले आणि मागे, बरोबर डाव्या चाकावर बसले.

"आप्पा, केबिनमा या ना!"

"नही. तुन्हा भरवसा शे ना या टायरवर? मंग आठेच बरं शे."

मी हसलो. देवगोईचा घाट लागेपर्यंत हसत होतो. पहिल्या वळणाला आरशात त्यांचं पांढरं डोकं दिसलं, पलीकडे दरी दिसली आणि मी वेग कमी केला. दुसऱ्या वळणाला मी गाडी थांबवली.

"आप्पा, हात जोडस. उतरा."

ते जागचे हलले नाहीत. शेजारी एक बाई मिरच्यांच्या गोणीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर लेकरू झोपलेलं. आप्पांनी तिच्याकडे बोट केलं.

"माले उतारस. हिले काबर नही?"

 तीन बाजार मी त्या चाकांवर माणसं वाहिली होती आणि भीती वाटली ती फक्त ओळखीच्या माणसासाठी! स्वतःचीच शिसारी आली.

सगळ्यांना उतरवलं. मागून येणाऱ्या जीपमधून बाकीची माणसं मोलगीला गेली. आप्पांनी डाव्या टायरच्या भेगेत अंगठा घातला, तो नखापर्यंत आत गेला. मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्यांनी नुसतं पाणी मागितलं. पिताना निम्मं सदऱ्यावर सांडलं.

"आप्पा, तुमले भ्याव वाटे का?"

"वाटे ना रे. मोठा भ्याव वाटे." त्यांनी तोंड पुसलं. "पन मी बठनू म्हनीसन तू थांबना."

मग त्यांनी खाली जाणाऱ्या जीपला हात केला. माझ्या गाडीत बसा, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.